तंजावरच्या बासनातली मराठी नाटकं

दर ५ नोव्हेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी रंगभूमी दिनाच्या शुभेच्छा फिरतात. सांगली, १८४३, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’. शाळेपासून पाठ झालेली ही सुरुवात. पण तिच्याही सुमारे दीडशे वर्षं आधी तमिळ मुलखात मराठी नाटकं लिहिली जात होती. ती हरवलीही नव्हती. तंजावरच्या राजवाड्यात होती.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले. त्यांचे चिरंजीव शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते, मराठीत आणि तेलुगूतही. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’मध्ये संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच नाटकात नांदतात. हल्ली अशा गोष्टीला ‘पॅन इंडिया’ म्हणतात!

हे सगळं टिकलं ते सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. नायक राजांच्या काळापासून तिथे पोथ्या जमत होत्या. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) त्यांत प्रचंड भर घातली. संस्कृत पोथ्यांच्या जोडीला त्यांनी युरोपातली पुस्तकं मागवली, त्यांवर इंग्रजीत सह्या केल्या. वाचलेलं जिरवलंही. त्यांचं ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक त्याचा पुरावा. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी डोंगरातली बाई. दक्षिणेकडच्या नाटकांत ती नायिकेचा हात बघून तिचं लग्न कधी होणार ते सांगते. सरफोजींची कोरवंजी मात्र जगाचा भूगोल सांगते, तोही गाण्यांतून. मला हे नाटक भाव्यांच्या आधीचं आहे यापेक्षा इतकं मजेदार आहे याचंच जास्त अप्रूप वाटतं.

मग आपल्याला हे माहीत का नव्हतं?

१८५५मध्ये गादीला पुरुष वारस उरला नाही आणि कंपनीने राज्य खालसा केलं. पुढे ए. सी. बर्नेल या तिथल्याच इंग्रज न्यायाधीशाने राजवाड्यातल्या हस्तलिखितांची जाडजूड सूची केली. ती १८८०च्या सुमारास छापून आली. काम अफाट होतं, पण सूची फक्त संस्कृत हस्तलिखितांची. मराठी बासनं तिच्याबाहेर राहिली. पोथीला वाळवी लागू नये म्हणून बासनात वेखंड ठेवायची जुनी रीत आहे. विस्मरणावर तसा उपाय एकच, यादी. यादीत नाही ते मागायला कोण येणार? ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं १९१८मध्ये, आणि तेही पुण्या-मुंबईपासून खूप लांब.

दरबारी नाटक आणि तिकीट काढून बघायचं नाटक यांत फरक आहे, त्यामुळे भाव्यांचं श्रेय कुठे जात नाही. खटकतं ते वेगळंच. तंजावरच्या दरबाराचे हजारो कागद मोडी लिपीत आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचा अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने खंडांत छापला. तमिळमध्ये. कागद मराठी, आणि ते समजून घ्यायला आता तमिळ यायला हवं.

सरफोजींची निरूपणं, म्हणजे नृत्यासाठी रचलेली मराठी पदं, मात्र नर्तकांनी शोधून काढली. भरतनाट्यम्‌च्या एखाद्या कार्यक्रमात मध्येच ओळखीचे शब्द कानावर पडले, तर कान टवकारून ऐका. भाषा थोडी जुनी वाटेल, पण समजेल.