शब्दप्रमाण आणि स्वानुभव : मराठी ख्रिस्ती विचारातील एक प्रश्न

ख्रिस्ती सिद्धांत सत्य मानावयाचा तो धर्मशास्त्रातील वचनाच्या आधारे, की साधकाच्या अंतरीच्या अनुभवाच्या आधारे? युरोपातील हा जुना वाद महाराष्ट्रात आला, तेव्हा येथील प्रमाणविचाराची परंपरा आधीच सिद्ध होती. या दृष्टीने पंडिता रमाबाई व नारायण वामन टिळक यांची चरित्रे एकत्र पाहण्याजोगी आहेत.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वॉण्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, त्रैक्यासारख्या सिद्धांताबाबत चर्चची परंपरा निर्णायक मानण्यास त्यांनी नकार दिला. आधार दाखवावयाचा तो बायबलातून, असा त्यांचा आग्रह होता. परंतु १९०७ च्या आत्मनिवेदनात त्यांनी म्हटले की, प्रथम आपणांस ख्रिस्ताचा धर्म लाभला. प्रत्यक्ष ख्रिस्त लाभावयास आणखी सुमारे आठ वर्षे लोटावी लागली. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनात मुलींचे रुदन, पापनिवेदन व अंतरीच्या अग्नीचा प्रत्यय यांची लाट उसळली, तेव्हा त्यांनी त्या भावाविष्काराची पाठराखण केली. तथापि अखेरची वर्षे त्यांनी वेचली ती हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. मिरकरवाडा, हर्णै, बाणकोट अशा बंदरांच्या या किनाऱ्यावर स्कॉटिश मिशनऱ्यांचे कार्य १८२३ च्या सुमारास बाणकोटास सुरू झाले होते. टिळकांस मात्र नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये, राजनांदगावच्या आगगाडीत, एका युरोपीय सहप्रवाशाकडून. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांचे मन वेधले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे तुकोबांची भक्ती हाच ख्रिस्ताकडे नेणारा पूल, अशी त्यांची धारणा झाली. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्यांसही स्थान होते.

रमाबाई शास्त्राच्या व टिळक अनुभवाच्या पक्षाचे, अशी सोपी विभागणी येथे टिकत नाही. टिळकांचा आरंभ ग्रंथवाचनाने झाला आणि रमाबाईंना केवळ ग्रंथ पुरला नाही. वस्तुतः ही दोन प्रमाणे दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे देतात. सिद्धांत काय आहे, हे अनुभव सांगू शकत नाही. मुक्तीतील मुलींच्या अग्निप्रत्ययास पवित्र आत्म्याचे कार्य म्हणावयाचे, तर प्रेषितांच्या कृत्यांतील पेंटेकॉस्टची कथा आधी ठाऊक असावी लागते. उलट, तो सिद्धांत आपला का मानावा, याचे उत्तर वचन एकटे देत नाही.

या भेदास ऐतिहासिक महत्त्व आहे. वचनाचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या काळी बहुतांशी परकीय मिशनऱ्यांच्या व चर्चच्या हाती होता. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून तो अधिकार स्वतःकडे घेतला. टिळकांनी संतपरंपरेच्या अनुभवाचा आश्रय घेऊन त्याची मर्यादा दाखविली. मार्ग दोन झाले, तरी साक्ष स्वतःच देण्याचा हक्क हा उभयतांचा आग्रह एकच होता.