मुंबईच्या गिरणगांवांतील क्रीडास्थानें व त्यांचे कागद

‘आखाडा’ हा शब्द संस्कृत ‘अक्षवाट’ यावरून प्राकृताच्या वाटेनें मराठींत आला. ‘तालीम’ हा अरबी. शब्द दोन कुळांतले, परंतु दोहोंसहि आधार होता तो राजाश्रयाचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मल्लविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें मल्लांचें पोषण राजा करतो, आणि त्यांच्या कुस्त्या हा राजाचाच विनोद. पुढें आठ शतकें लोटल्यावर, १९१२ सालीं, कोल्हापुरांत खासबागेचें कुस्तीचें मैदान उभें राहिलें, तेंहि शाहू छत्रपतींच्या आश्रयानेंच. मग ज्या गरिबांच्या पाठीशीं राजा नाहीं व वतनहि नाहीं, त्यांस खेळावयास जागा कोणीं व कोणत्या कागदानें दिली? हा प्रश्न प्रस्तुत लेखांत मुंबईपुरता पाहावयाचा आहे.

इंग्रजी अमदानींत जागा मिळाल्या त्या प्रथम वजनदारांस. युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना १८७५ चा. १८८० नंतरच्या दशकांत एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्यांचा पोलो चालावा कीं एतद्देशीयांचें क्रिकेट, यावरून अर्ज-विनंत्या झाल्या. पुढें गिरगांवाजवळच्या समुद्रकांठीं पारशी, इस्लाम व हिंदु असे जमातवार जिमखाने सरकारनें दिलेल्या जागांवर उभे राहिले. परळ-लालबागच्या गिरणी कामगारास त्यांचा उपयोग नव्हता.

हा कामगार बहुशः कोंकणचा किंवा घाटावरचा. गांवची लाल माती, मल्लखांब व हुतुतू तो मनांत घेऊन आला; पण राहण्यास मिळाली ती चाळींतली खोली. मुंबई विकास खात्यानें १९२० नंतर वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. आज कबड्डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हुतुतूचें पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. म्हणजे अशा जवळजवळ नऊ खोल्या त्यांत मावतील. ज्या खेळास चेंडू वा फळी कांहींच लागत नाहीं, त्यासहि जमीन लागते. चाळींमधलें पटांगण व तळमजल्यावरची व्यायामशाळा यांचें मोल यावरून ध्यानीं यावें.

दादरची कथा निराळी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ त सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला व दादर-माटुंग्याची वस्ती आंखून वसविली गेली. १९२५ सालीं नगरपालिकेनें माहीम पार्क लोकांस खुलें केलें. त्याचें क्षेत्र सुमारें २८ एकर. १९२७ त अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. निमित्त होतें शिवजन्माच्या त्रिशताब्दीचें. जेधे शकावलीनें १६३० ची तिथि पुढें आणली असतांहि लोकांनीं १६२७ ची जुनी गणना धरिली, ही गोष्ट आमच्या वाचकांस लक्षणीय वाटेल. याच परिसरांतील श्रीसमर्थ व्यायाममंदिरहि १९२५ चेंच. त्याचे संस्थापक काळे गुरुजी. तेथें जमीन आधीं आंखलेली व पालिकेच्या दप्तरीं दाखल होती. म्हणून शंभर वर्षांनंतरहि मुलें तेथें खेळतात.

गिरणगांवाचें तसें झालें नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. पुढें गिरण्या बंद पडत गेल्या व त्यांखालील सुमारें ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें मोठ्या गिरणीच्या जमिनीचे स्थूलमानानें तीन वांटे ठरविले: एक पालिकेस बागा व क्रीडांगणें यांसाठीं, दुसरा म्हाडास घरांसाठीं, तिसरा मालकास. २००१ सालीं फेरफार होऊन वांटणी केवळ ‘मोकळ्या’ जमिनीची ठरली. सांचेखातीं व वखारी यांनीं आवार भरलेलें. तेव्हां मोकळी जमीन ती किती असणार? इमारत पाडल्यावर उघडी पडणारी जमीन मोकळी मानावी कीं नाहीं, यावर वाद माजला. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ त ‘मानावी’ असें म्हटलें. सर्वोच्च न्यायालयानें मार्च २००६ मध्यें तो निकाल फिरविला. सनदेंतील ‘कुलबाब कुलकानू’ या शब्दांवर वतनाचा विस्तार कसा अवलंबून असे, हें जाणणाऱ्यांस येथें नवल वाटूं नये. एका शब्दाच्या अर्थानें क्रीडांगणांचा वांटा आटला.

यावरून आमचें मत असें कीं, गरिबांचें क्रीडास्थान दात्याच्या औदार्यापेक्षां स्पष्ट कागदावर अधिक टिकतें. चाळींतील व्यायामशाळांची अडचण हीच. त्या वर्गणीवर चालल्या, वहिवाटीवर टिकल्या. आतां चाळींचा पुनर्विकास होत असतां त्यांचा पुरावा म्हणजे वर्गणीच्या पावत्या, हजेरीपट, सभांचीं इतिवृत्तें व सामन्यांचीं हस्तपत्रकें. तीं घर बदलतांना रद्दींत जातात. मोडी दप्तरांसाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांनीं लालबाग-परळच्या या पेट्याहि उघडाव्या. प्रत्येक व्यायामशाळेचें स्थापनावर्ष, जागेचा मूळ मालक, वापराची अट व पटांगणाचें माप एवढीं चार कलमें कागद पाहून टिपावीं, व नकला एखाद्या सार्वजनिक संग्रहांत ठेवाव्या. पुढील वांटणीच्या वेळीं वहिवाटीचा पुरावा मागितला गेल्यास तो दाखवितां आला पाहिजे.