सरकारला जाब विचारणारे बाबासाहेब



आपल्या वस्तीत बाबासाहेबांची तसबीर नसलेलं घर सापडणं कठीण. कुणाकडे चवदार तळ्याची ओंजळ असते, कुणाकडे हातात संविधान घेतलेले बाबासाहेब, तर कुणाकडे दीक्षाभूमीवरचे. पण कायदे कौन्सिलात उभं राहून, हातात आकड्यांचा कागद घेऊन मंत्र्याला जाब विचारणारे बाबासाहेब कुणाच्या भिंतीवर दिसत नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं याच कामात गेली. विहाराच्या या स्मरणिकेत त्या बाबासाहेबांची थोडी ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९२६ च्या अखेरीस गव्हर्नरांनी बाबासाहेबांची मुंबई कायदे कौन्सिलवर नेमणूक केली आणि १९२७ च्या फेब्रुवारीत ते सभागृहात बसू लागले. तेव्हा त्यांचं वय होतं ३५ वर्षांचं. अस्पृश्यांच्या वतीने त्यांच्यासोबत डॉ. पुरुषोत्तम सोळंकी होते. शंभरावर सभासदांच्या त्या सभागृहात आपली माणसं दोन! मतदानात ती काय टिकणार? शिवाय त्या वेळचा कारभार दुहेरी होता. शिक्षण, अबकारी, स्थानिक स्वराज्य ही खाती हिंदी मंत्र्यांकडे, तर पैसा, महसूल, पोलीस ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाने आपल्याच मुठीत ठेवलेली. मंत्र्याकडे जावं तर तो तिजोरीकडे बोट दाखवणार, आणि तिजोरीवाल्याला काढून टाकण्याची ताकद सभागृहाला नाही. अशा ठिकाणी दोन माणसांच्या हाती एकच हत्यार उरतं, ते म्हणजे प्रश्न. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, ते उत्तर छापलं जातं आणि छापलेलं नाकारता येत नाही.

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर त्यांचं पहिलं भाषण झालं. मुद्दा आपल्या आयाबायांनाही कळेल इतका सरळ होता. प्राप्तिकर भरणाऱ्या माणसाचं उत्पन्न ठराविक आकड्याच्या खाली असेल तर त्याला कर माफ. मग शेतकऱ्याला पिको वा न पिको, जमीन अर्धा एकर असो की शंभर एकर, सारा मात्र भरावाच लागतो, हा कुठला न्याय? कर देण्याची ऐपत बघायची तर ती सगळ्यांचीच बघा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी शिक्षण खात्याच्या मागणीवर ते बोलले. हे भाषण प्रत्येक विहारात वाचलं जावं असं आहे. सरकारचेच आकडे त्यांनी सरकारपुढे मांडले. शिक्षणावर दरडोई खर्च १४ आणे, आणि दारूच्या अबकारीतून सरकार वसूल करतं माणशी दोन रुपयांहून जास्त. निदान लोकांकडून जेवढं दारूपायी घेता तेवढं तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी. शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. मग त्या पैशाचा उपयोग काय झाला?

पुढचे आकडे ऐकून तर काळजात चर्र होतं. प्राथमिक शाळेत दर हजारी प्रगत हिंदूंची ११९ मुलं, मुसलमानांची ९२, मध्यम म्हटलेल्या जातींची ३८ आणि मागास वर्गाची १८. कॉलेजात गेलं तर दर दोन लाख लोकसंख्येमागे प्रगत हिंदू १,०००, मुसलमान ५२, मध्यम जाती १४ आणि मागास वर्गाचा जवळजवळ कुणीच नाही. बाबासाहेबांनी मुसलमानांच्या मुलांबद्दल किंवा मध्यम जातींच्या मुलांबद्दल कुरकुर केली नाही, ही गोष्ट लक्षात घ्या. जो सर्वांत मागे आहे त्याला जास्त दिलं नाही तर समता येणार कशी, एवढंच त्यांनी विचारलं. नुसत्या शिष्यवृत्त्या वाटून पैसा वाया जातो, त्यापेक्षा वसतिगृहं चालवा, हेही सांगितलं. ते अनुभवाचं बोलणं होतं. बहिष्कृत हितकारिणी सभेचं सोलापूरचं वसतिगृह १९२५ मध्येच सुरू झालं होतं.

आता तारखा जरा जुळवून बघा. १२ मार्चला कौन्सिलात भाषण, आणि १९ व २० मार्चला महाडची परिषद! आठ दिवसांपूर्वी मंत्र्याला जाब विचारणाराच माणूस २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेत होता. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. महाडच्या पाण्यामागेसुद्धा कौन्सिलातलाच एक ठराव उभा होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी ठराव संमत करून घेतला होता, की सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. ठराव झाला, पण तळ्यावर जाण्याची हिंमत कुणी करू शकलं नाही. ठराव पाळणार नाहीत त्या नगरपालिकांचं व लोकल बोर्डांचं अनुदान बंद करा, असा दुसरा ठराव बोल्यांनी १९२६ मध्ये आणला. तरी पाणी दूरच! म्हणजे तळ्यावर जो सत्याग्रह झाला, तो सरकारनेच मान्य केलेला हक्क अमलात आणण्यासाठी झाला.

महार वतनाची गोष्ट तर आपल्या घराघरातली. आमचे आजोबा येसकरकी करीत. साहेब गावात आला की त्याच्यापुढे धावायचं, सारा तालुक्याला पोचवायचा, टपाल न्यायचं, रात्री वेशीवर राखण करायची. घरधनी आजारी पडला तर पोराने जायचं, पोर नसेल तर बाईमाणसाने. आजोबा म्हणत, “चोवीस तास सरकारचे, आणि पोट मात्र बलुत्याच्या टोपल्यावर.” नेमकं हेच बाबासाहेबांनी कौन्सिलात मांडलं. राबवून घेतं सरकार आणि पगार द्यायचा रयतेने, असं का? १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ज्या महाराला चाकरी नको आहे त्याला पूर्ण सारा भरून आपली जमीन ठेवता यावी आणि या बांधिलकीतून सुटता यावं, हे त्याचं सार. प्रवर समितीत बिलाचा गाभाच काढून टाकला गेला, तेव्हा जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते परत घेतलं. ही वतनं अखेर गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या परिनिर्वाणानंतर. तोवर किती येसकरांच्या पिढ्या झिजल्या असतील!

बाबासाहेब फक्त आपल्यापुरतं बोलले, असं समजणाऱ्यांनी २८ जुलै १९२८ चं भाषण पाहावं. गिरणीतल्या बायांना बाळंतपणात भत्त्यासह विसावा मिळावा, अशा बिलाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, म्हणून खर्चाचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या कामातून ज्याला फायदा होतो त्या मालकालाही हात झटकता येणार नाहीत, असं ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला आणि देशात असा कायदा करणारा तो पहिला प्रांत ठरला. पुढे १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातल्या कुळांसाठी खोती नष्ट करण्याचं बिलही त्यांनीच मांडलं. त्या कुळांत महार होते, कुणबी होते, आगरी होते. तेही बिल तेव्हा पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

मग कुणी म्हणेल, बिलं तर पडली, मिळालं काय? मिळालं ते हे, की नाही म्हणणाऱ्याला उघड्यावर नाही म्हणावं लागलं, आणि ते कागदावर राहिलं. डॉ. सोळंकींच्या १९२८ च्या ठरावावरून सरकारला स्टार्ट समिती नेमावी लागली. तिच्यात बाबासाहेबही होते. १९३० च्या तिच्या अहवालात सरकारी शिक्क्यानिशी लिहिलं गेलं, की हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना जमिनीवरून हाकलतात, त्यांची मजुरी बंद करतात, वाट अडवतात, दुकानदार माल देत नाही. गावकीचा बहिष्कार ही काल्पनिक तक्रार आहे, असं त्यानंतर कोण म्हणणार?

बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेचा दुसरा खंड महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली काढला. त्यात ही भाषणं आहेत, त्यांनी विचारलेले प्रश्न आणि सरकारची उत्तरंही आहेत. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत तो असावा, आणि इंग्रजी येणाऱ्या आपल्या पोरापोरींनी रविवारी वंदना झाल्यावर त्यातलं एकेक पान मोठ्यांना मराठीत समजावून सांगावं, अशी माझी नम्र सूचना आहे.

कारण प्रश्न विचारायची सवय आपल्यातून कमी होत चालली आहे. आपण जयंतीला वर्गणी देतो, मिरवणुकीत नाचतो. पण वस्तीतल्या शाळेची पटसंख्या किती, शिष्यवृत्तीचे पैसे कुठं अडकले, वसतिगृहात किती जागा रिकाम्या, हे विचारायला कोण जातं? बाबासाहेबांना एक उत्तर मिळवायला कौन्सिलात जावं लागलं. आपल्या हातात २००५ पासून माहिती अधिकाराचा कायदा आहे, दहा रुपयांच्या अर्जात सरकारला विचारता येतं. अट एकच, प्रश्न नेमका असावा आणि आकडा आपल्याला आधी ठाऊक असावा. नुसत्या रागाने उत्तर मिळत नाही. बाबासाहेबांनी आवाज चढवण्याआधी अहवाल वाचले होते.

आपल्या आजा-पणजांना गावात मान वर करून बोलायची चोरी होती. त्यांच्या वतीने एक माणूस सभागृहात उभा राहिला आणि त्याने विचारलं, “का?” तो शब्द आता आपल्या पोरांच्या तोंडी यावा.

जयभीम! नमो बुद्धाय!