वळसंगहून माशिकोला, 1955

उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडलेली एस.टी. वळसंगला थांबते आणि तुम्ही उतरता ते थेट चिखलवाटेवर. साल 1955, थंडी तोंडावर आलेली, तोक्योच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचं माशिको गाव. अंगात सोलापूरचा सुती शर्ट, त्यामुळे दात वाजतायत. दुतर्फा गवताने शाकारलेली जाड छपरं, हवेत पाइनच्या लाकडाचा धूर. हे काही कलावंतांचं गाव नव्हे. इथले कुंभार तोक्योच्या स्वयंपाकघरांना पाण्याचे रांजण, वाटणाच्या कुंड्या आणि चहाच्या किटल्या पुरवत आले.

धुराच्या मागोमाग जा. एका लांबट कामखोलीत साठीचा, चष्मेवाला माणूस चाकासमोर मांडी घालून बसलाय. हामादा शोजी. यंदाच सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरवलंय. क्योतोच्या त्यांच्या मित्राने, कावाई कांजिरोंनी, हा मान नाकारला. पण तुमची नजर खिळते ती चाकावर. चाकाला ना वीज, ना पायाने मारायची फळी. हामादा दांडक्याने ते गरागरा फिरवतात, दांडकं बाजूला ठेवतात आणि वेग मरायच्या आत वाडगा उठवतात. हे तर आपल्या कुंभाराचंच चाक! वळसंगच्या माणसाला इथे दुभाषा लागत नाही.

ज्यांच्यासाठी आलात त्या फुलदाण्या पलीकडच्या फळीवर आहेत. चौकोनी, आखूड मानेच्या, बाटलीसारख्या. या चाकावरच्या नव्हेत. साच्यात माती दाबून सांधलेल्या. एकीवर तांबूस-काळ्या रंगाचे चार फटकारे: ताठ कांडं, कललेली पानं. ऊसच की! ओकिनावा बेटावर पाहिलेला ऊस ते वर्षानुवर्षं असाच काढत आले आणि तरी दोन फुलदाण्यांवरचा ऊस सारखा नाही. शेजारचीवर पिकल्या फळासारखी गंजरंगी झिलई आहे. ती इथल्याच दगडाच्या भुकटीची. पांढरट झिलईत भाताच्या तुसाची राख. मोठ्या थाळीवर झिलईची धार सोडायला त्यांना काही सेकंद पुरतात. एवढंच काम? असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते: पंधरा सेकंद, आणि मागची साठ वर्षं.

आता फुलदाणी उलटी करा. सही शोधताय? नाही मिळायची. 1920 ते 23 या काळात इंग्लंडातल्या सेंट आइव्हजला कुंभार बर्नार्ड लीचबरोबर काम करताना ते शिक्का मारत. घरी परतल्यावर तेही सोडलं. पुढे माझी वाईट भांडी शिष्यांच्या नावावर जातील आणि शिष्यांची चांगली माझ्या, अशी त्यांची मिश्कील मांडणी होती.

संग्राहकाची पंचाईत होते ती इथे. मग त्याला आधार उरतो खोक्याचा. जपानात अशी फुलदाणी साध्या लाकडी खोक्यात येते. झाकणावर कुंभार स्वतः ब्रशने वस्तूचं नाव लिहितो, सही करतो, ठसा उमटवतो. हामादांच्या मागे त्यांचा मुलगा शिन्साकू याने वडिलांच्या भांड्यांच्या खोक्यांवर असं लिहून दिलं. खोका हरवला की भाव उतरलाच. ज्याला भांड्यावर सही नको होती, त्याचं भांडं लाकडावरच्या सहीने तोललं जातं. मला हे हास्यास्पद वाटतं. बाजाराला वाटत नाही.

परतण्याआधी 1977 मध्ये डोकावून या. हामादांनी याच आवारात आपला संग्रह लोकांना खुला केलाय. देशोदेशींची भांडी-वस्तू, बहुतेक अनाम हातांची. ज्यांच्यापुढे आपण हरलो असं वाटलं, तीच त्यांनी घरी आणली. पुढच्या जानेवारीत ते गेले. संग्रहालय अजून चालू आहे.

तेव्हा उद्या कुणी जपानी फुलदाणी तुमच्यापुढे ठेवली, तर आधी तिच्या बुडाची उघडी माती अंगठ्याने चाचपा, झिलई कुठे येऊन थांबली ते बघा. खोक्याचं झाकण विक्रेत्याला सावकाश दाखवू दे.