पेठ कशानं जागती राहते?

गटाच्या बैठकीत पापड, मसाले, शेवया करायचं ठरलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: विकायचं कुठं? मग बोलणं तालुक्याच्या पेठेवर येतं. काही पेठांत दोन वस्तू घ्यायला गेलेली बाई चार घेऊन आणि चौघींशी बोलून परत येते. काही ठिकाणी मात्र नवे गाळे बांधतात आणि ते वर्षानुवर्षं कुलूपबंद राहतात. असं का होतं? आज आपण सिन्नरच्या इतिहासातून याचं उत्तर शोधू या.

सिन्नर आज तालुक्याचं गाव आहे, पण एके काळी ते राजधानी होतं. यादव घराण्यातल्या सेऊणचंद्रानं नवव्या शतकात सेऊणपूर वसवलं, ते सिन्नरच्याच परिसरात, असं इतिहासकार मानतात. जुन्या लेखांत गावाचं नाव सिंदिनगर असं येतं. आपलं गोंदेश्वराचं देऊळ ही यादवकाळाचीच आठवण. मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू यांची लहान देवळं. बाराव्या शतकात भिल्लम पाचवा यानं देवगिरीला राजधानी केली. राजा गेला, दरबार गेला. तरी सिन्नर ओस पडलं नाही. का? तर इथं वाटा एकत्र येतात. नाशिकची, संगमनेरवरून पुण्याची, शिर्डीची आणि घोटीची. वावी वेस हे नाव आजही आपल्या तोंडी आहे. ज्या गावाकडं वाट जाते, त्याच गावाचं नाव वेशीला. म्हणजे पेठेचा पहिला आधार भोवतालची खेडी. त्यांचं येणं-जाणं चालू असेल तोवर पेठ चालते.

पण नुसत्या वाटा पुरत नाहीत. मराठेशाहीत नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल दिला जाई. कौल म्हणजे लेखी शब्द: इथं येऊन राहा, दुकान घाला, ठरावीक वर्षं कर माफ किंवा कमी. पुण्यातल्या वारांच्या नावांच्या पेठा आपल्याला ठाऊक आहेतच. पुढं कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, तिथं गुळाचा व्यापार मोठा झाला. इमारत बांधली की पेठ झाली असं नसतं, हे त्या लोकांना कळत होतं. विकणाऱ्याला आधी विश्वास लागतो, की आज बसलो तर उद्या कुणी उठवणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे लोकांच्या हातातला पैसा. सिन्नरमध्ये तो बायकांच्या हातात आला विडीच्या कामातून. तेंदूपत्ता भिजवायचा, कापायचा, तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधायचा आणि हजाराच्या हिशेबानं मजुरी घ्यायची. या कामानं कितीतरी घरांतल्या चुली पेटत्या ठेवल्या. तंबाखूच्या धुळीनं छातीही बिघडवली, हेही सांगायला हवं. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला. मजुरी हातात पडली की बाई किराणा घेते, पोरांना वह्या घेते, एखादी बांगड्या भरते. मोठ्या गिऱ्हाइकापेक्षा अशा लहान लहान खरेदीवरच पेठेतली बरीच दुकानं उभी असतात. पुढं मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी आली. पाळी सुटल्यावर संध्याकाळी भाजी घेणारं नवं गिऱ्हाईक आलं.

साता समुद्रापलीकडंही एका बाईनं हेच सांगितलं. न्यूयॉर्क शहरात जेन जेकब्स नावाची एक पत्रकार होती. शहररचनेची पदवी तिच्याकडं नव्हती. आपल्या गल्लीत सकाळपासून रात्रीपर्यंत कोण येतं, कोण बसतं, हे तिनं पाहिलं आणि १९६१ साली पुस्तक लिहिलं. ती म्हणते, एकाच भागात घरं, दुकानं, कामाच्या जागा असाव्यात, म्हणजे दिवसभर वेगवेगळ्या वेळी माणसं येतात. काही जुन्या इमारती राहू द्याव्यात, कारण नव्यानं धंदा करणाऱ्याला कमी भाड्याची जागा तिथंच मिळते. आणि ओट्यावरच्या, दुकानातल्या माणसांची नजर रस्त्यावर असते, तोवर तो रस्ता बाईमाणसाला सुरक्षित असतो. शहराच्या वस्तीतून मोठा रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा ती लोकांबरोबर उभी राहिली आणि तो बेत शेवटी रद्द झाला.

आपल्याकडंही रस्ते बदलले. नाशिक-पुणे महामार्ग आता वळण रस्त्यानं गावाबाहेरून जातो. समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या तालुक्यातून जातो. गावातली अवजड गाड्यांची भीती कमी झाली, हे चांगलंच. पण वाटेत चहाला, फळांना थांबणारी गाडीही बाहेरूनच निघून जाते. म्हणून आता पेठ जागती ठेवायची तर खेड्यापाड्यातून येणाऱ्या माणसालाच, त्यातही बाईला, इथं यावंसं वाटलं पाहिजे. सकाळी सातला भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी पीत नाही, कारण जायला स्वच्छ जागा नसते. हे बाजारात बसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि अंधार पडायच्या आत परतीची एसटी, एवढं असेल तर बाई तासभर जास्त थांबते. ती थांबली की गिऱ्हाईकही थांबतं.

यासाठी एक कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं शहरात पथविक्रेता समिती नेमायची असते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा महिलांच्या. पन्नास वर्षांहून जास्त काळ भरणारा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असंही त्यात म्हटलं आहे. जुन्या काळचा कौल तो हाच, फक्त आता तो आपल्याला मागून घ्यावा लागतो.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ या. आपल्या गावातल्या किती जणी बाजारात बसतात, किती वर्षांपासून बसतात, कुणाकडं ओळखपत्र आहे, कुणाकडं नाही, याची यादी करू. यादी घेऊन नगरपरिषदेत जाऊ आणि समितीत आपल्या बाजूनं कोण बसतं, ते विचारू. अर्ज दिला की पोच घ्यायला विसरू नका.