मातीच्या कर्तनबलाचा शोध

कात्रीची पाती एकमेकींवरून सरकतात, तसा मातीचा एक थर दुसऱ्यावरून घसरू पाहतो. त्या घसरण्याला माती जेवढा विरोध करते, ते तिचे कर्तनबल. बांध, धक्के, रेल्वेचे भराव सगळे त्यावरच उभे असतात.

फ्रेंच लष्करी अभियंते कूलॉम १७६४ ते १७७२ मार्तिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर होते. मातीचा रेटा पेलायला भिंत किती जाड हवी, हा त्यांचा रोजचा प्रश्न. १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी उत्तर मांडले: विरोधाचे भाग दोन, एक कणांचा चिकटपणा आणि दुसरा दाबाबरोबर वाढणारे घर्षण.

चिकणमाती मात्र या हिशेबात सहज बसेना. १८४६ मध्ये अभियंते अलेक्सांद्र कोलँ यांनी फ्रान्समधील कालव्यांचे ढासळलेले काठ खणून घसरण्याची पातळी उघडी केली. ती सरळ नव्हती, खोलगट वाकलेली होती. त्यांनी मातीचे नमुने कातरून पाहिले, तेव्हा पाणी वाढले की बल झपाट्याने उतरते हेही दिसले. इतके मोलाचे काम, पण पुढची कित्येक दशके त्याकडे कोणी फिरकले नाही.

१९१६ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदराचा एक धक्का घसरला. तिथल्या रेल्वेने दरडींच्या अभ्यासासाठी आयोग नेमलेलाच होता. त्याच्या प्रयोगशाळेत एक साधे उपकरण घडले: ६० ग्रॅम वजनाचा, ६० अंशी टोकाचा धातूचा शंकू. टोक मातीला जेमतेम टेकवायचे, सोडून द्यायचे आणि किती मिलिमीटर रुतला ते वाचायचे. माती जितकी मऊ, तितका शंकू खोल.

पाण्याचे कोडे अभियंते कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात सोडवले. छिद्रांतले पाणी जो भार स्वतः पेलते, त्याने कणांमधले घर्षण वाढत नाही. फक्त कणांवर पडणारा दाबच घर्षणाच्या कामी येतो. मुसळधार पावसात डोंगरउतार का सुटतो, ते यातून कळले.

भारतीय मानक २७२० मध्ये दिलेली कर्तनपेटीची चाचणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही करतात. ६ सेंमी बाजूची, आडवी दुभागलेली पेटी. वरून वजन, आणि एक अर्धा भाग दुसऱ्यावरून सरकवायचा. तीन-चार वजनांखाली तीच चाचणी केली की आलेखावर एक तिरकी रेघ उमटते. तिचा चढ म्हणजे घर्षण. उभ्या अक्षाला ती जिथे छेदते, तो चिकटपणा.