बहुमाशी व दर्शक जोडणीची फेक

बहुमाशी व दर्शक जोडणीची फेक ही ट्राउट माशांच्या फ्लाय फिशिंगमधील एक तंत्रपद्धती आहे. या पद्धतीत एकाच दोरीच्या टोकाकडे दोन किंवा तीन कृत्रिम माश्या बांधतात व त्यांच्या वरच्या बाजूस पाण्यावर तरंगणारा लहान दर्शक (इंडिकेटर) लावतात. गळावर पिसे, लोकर व दोरा गुंडाळून तयार केलेल्या कीटकसदृश आमिषास येथे ‘माशी’ म्हटले आहे. ट्राउट आपले बहुतेक खाद्य पाण्याखालीच मिळवतो. त्यामुळे जलकीटकांच्या अळ्यांसारख्या दिसणाऱ्या माश्या, म्हणजे निम्फ, तळालगत वाहत नेण्यासाठी ही जोडणी उपयुक्त ठरते. मात्र ती फेकणे एका माशीच्या फेकीपेक्षा अवघड असते.

इतिहास

एका दोरीवर अनेक माश्या बांधण्याची प्रथा ब्रिटनमध्ये जुनी आहे. स्कॉटलंडमधील डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ या ग्रंथात, प्रवाहाच्या वरच्या दिशेला माश्या टाकून मासेमारी करण्याचा पुरस्कार केला. इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडूच्या प्रदेशातील नद्यांवर मात्र पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी माशीच शिष्टसंमत मानली जात असे. जी. ई. एम. स्क्यूज यांनी ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ (१९१०) या पुस्तकातून पाण्याखालील माशीची बाजू मांडली. या प्रश्नावर १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये जाहीर चर्चाही झाली. पुढे एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी तांब्याची तार व तितराच्या जातीतील फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे पीस एवढ्याच साहित्यातून वजनदार निम्फ तयार केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व न्यू झीलंड येथे दर्शकाचा वापर रूढ झाला. न्यू झीलंडच्या टाँगारिरो नदीवर इंद्रधनुषी ट्राउटसाठी वजनदार निम्फ, त्यामागे हलकी दुसरी माशी आणि लोकरीचा दर्शक अशी जोडणी प्रचलित आहे.

रचना

मुख्य दोरीस निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, म्हणजे लीडर, जोडतात. त्याच्या शेवटच्या बारीक भागास टिपेट म्हणतात. दर्शक लोकरीचा, फोमचा किंवा पोकळ प्लास्टिकचा असतो. दर्शक व खालची माशी यांतील अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे पाणी १ मीटर खोल असल्यास हे अंतर सुमारे १.५ मीटर राहते. दोन माश्यांमध्ये बहुधा ४० ते ५० सेंटिमीटर अंतर सोडतात. दुसरी माशी पहिल्या माशीच्या गळाच्या बाकाला धागा बांधून जोडतात, किंवा गाठीच्या मोकळ्या सोडलेल्या टोकाला बांधतात. हे टोक लांब राहिल्यास मुख्य धाग्याभोवती गुंडाळले जाते, म्हणून ते १० ते १५ सेंटिमीटर ठेवतात.

गुंता होण्याची कारणे

फ्लाय फिशिंगमध्ये माशीला जवळजवळ वजन नसते. दोरीचे वजन तिला वाहून नेते. पाच क्रमांकाच्या दोरीच्या पुढच्या ९.१४ मीटर (३० फूट) भागाचे प्रमाणित वजन सुमारे ९ ग्रॅम असते. टोकाला दर्शक व वजनदार माश्या आल्या की हे गणित बिघडते. दर्शक हवेचा विरोध अधिक घेतो व लवकर मंदावतो. जड माश्या आपल्या वेगाने पुढे जात राहतात आणि दर्शकाला वळसा घालून लीडरवर आदळतात.

हवेतून जाताना दोरीचे एक आडवे वेटोळे तयार होते. ते अरुंद असल्यास दोरीच्या वरच्या व खालच्या भागांत अंतर कमी उरते व माश्या त्यांत अडकतात. काठीला अवेळी जोराचा झटका दिल्यास वेटोळ्याचा वरचा भाग खालच्या भागाच्या खाली येतो व दोरी स्वतःलाच छेदते. मागे गेलेली दोरी सरळ होण्यापूर्वीच पुढची फेक सुरू केली, तर दोरीत ढील राहते आणि माश्यांची दिशा हाताबाहेर जाते.

फेकण्याच्या पद्धती

सर्व पद्धतींचे सूत्र एकच आहे: दोरीवरील ताण सुटू न देणे, वेटोळे रुंद ठेवणे आणि हवेतील फेऱ्या कमीत कमी करणे.

पाण्याच्या ताणाची फेक: प्रवाहाने दोरी खालच्या दिशेला सरळ ताणली जाऊ देतात. पाण्याच्या पकडीमुळे काठी वाकते व एकाच सलग हालचालीने माश्या वरच्या दिशेला टाकता येतात. मागची फेक मुळी लागतच नाही, म्हणून नवशिक्यास ही पद्धत आधी शिकवतात.

लंबवर्तुळाकार फेक: हिला बेल्जियन फेक असेही म्हणतात. काठी बाजूने, खालून मागे नेतात व न थांबता वळवून डोक्यावरून पुढे आणतात. दोरी जाताना व येताना वेगळ्या मार्गाने जात असल्याने माश्या तिला अडकत नाहीत.

रोल फेक: मागे झाडी किंवा उंच काठ असल्यास उपयोगी. प्रथम काठी सावकाश उचलून बुडालेल्या माश्या पृष्ठभागाजवळ आणाव्या लागतात, अन्यथा पाण्याच्या विरोधाने फेक अपुरी पडते.

टक फेक: काठी उंचावर एकदम थांबवतात. त्यामुळे जड माश्या दोरीखाली वळून आधी पाण्यात शिरतात व लवकर तळ गाठतात.

प्रवाहातील हाताळणी

माश्या पाण्यात पडल्यावर दोरीचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वर किंवा खाली ठेवतात, जेणेकरून दर्शक ओढला जाऊ नये. तळाजवळचे पाणी पृष्ठभागापेक्षा संथ वाहते. म्हणून दर्शक आजूबाजूच्या बुडबुड्यांपेक्षा किंचित हळू वाहत असल्यास माश्या योग्य खोलीवर आहेत असे समजतात. ट्राउट कृत्रिम माशी क्षणार्धात थुंकून टाकतो. त्यामुळे दर्शक बुडाला, थबकला वा बाजूला सरकला, तरी लगेच काठी उचलणे आवश्यक असते.

सुरक्षितता व माशांची काळजी

अधिक गळ म्हणजे अधिक धोका. चष्मा व टोपी वापरणे गरजेचे मानले जाते. वारा फेकणाऱ्या हाताच्या बाजूने येत असल्यास फेक दुसऱ्या खांद्यावरून करतात. एका माशीला लागलेला मासा धडपडत असता मोकळा गळ त्याच्या डोळ्यात, कल्ल्यात किंवा मासेमाराच्या हातात रुतू शकतो. मासा सोडून द्यायचा असल्यास ही इजा प्राणघातक ठरू शकते. म्हणून उलटा काटा नसलेले गळ व जाळीची झोळी यांचा वापर सुचवला जातो. काही जलक्षेत्रांत माश्यांच्या संख्येवर मर्यादा असते.

मतभेद

दर्शक म्हणजे आमिषाच्या मासेमारीतील तरंडाच होय, असा आक्षेप काही परंपरानिष्ठ मासेमार घेतात. समर्थकांच्या मते माशाचा स्पर्श लवकर कळल्याने गळ खोल गिळला जाण्याची शक्यता घटते. युरोपात विकसित झालेल्या निम्फ पद्धतीत तरंगता दर्शक टाळून रंगीत धाग्याचा तुकडा वापरतात व दोरी ताठ ठेवतात.

भारतातील स्थिती

ट्राउट मूळचा भारतीय मासा नाही. ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या आरंभी, काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउट रुजवण्यात आला. आज काश्मीरची लिद्दर, हिमाचल प्रदेशातील तीर्थन आणि निलगिरीतील काही प्रवाह यांत ट्राउट आढळतात. काश्मीरमध्ये नद्यांचे बीट पाडलेले असून मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा लागतो. या माशास थंड, प्राणवायुयुक्त पाणी लागते. सह्याद्रीतील नद्यांचे पाणी उन्हाळ्यात तापते व आटते, त्यामुळे महाराष्ट्रातील मासेमारांचा या पद्धतीशी संबंध मुख्यतः हिमालयातील प्रवाहांवरच येतो.